एका 'चालेल'चा जामीन

आज मी जिथे आहे तिथवर मला पोचवण्यात सर्वांत मोठा वाटा टॉकीजवाल्या काकांचा आहे. ते माझे सख्खे काका नव्हेत. सीमाभागातल्या आमच्या गावात एकच टॉकीज, तिचे ते मालक. आणि टॉकीजच्या भिंतीला टेकून माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. नातं एवढंच. मला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा बँकेनं शैक्षणिक कर्जासाठी जामीनदार मागितला. नात्यातले दोघे 'विचार करून सांगतो' म्हणाले आणि विचारच करत राहिले. काकांनी दुपारचा खेळ सुरू करून दिला आणि तसेच आमच्याबरोबर बँकेत आले.

मॅनेजरनं विचारलं, "मुलगा कर्ज फेडेल याची तुम्हाला खात्री आहे?"

"खात्री कुणाची देऊ, साहेब? खात्री नाही. ओळख हाय," काका म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आमच्या घरात तोवर कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. कर्ज पुढे फिटलं, पण ती सही माझ्या डोक्यातून गेली नाही. परीक्षेत पेपर अवघड गेला की मला आधी ती सही आठवायची, मग आई-वडील.

योगायोग असा की नोकरीही मला चित्रपटांचीच लागली. बेंगळूरला बसवनगुडीत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. मोठे चित्रपट लागण्याआधी त्यांचा गल्ला किती जमेल याचा अंदाज आम्ही बांधतो. ट्रेलर किती जणांनी उघडला यापेक्षा किती जणांनी तो शेवटपर्यंत पाहिला हे आम्हाला महत्त्वाचं. आगाऊ तिकिटं कोणत्या शहरात आधी जातात, त्या आठवड्यात परीक्षा आहेत का, क्रिकेटचा सामना आहे का, नायकाचा मागचा चित्रपट लोकांनी दुसऱ्यांदा पाहिला होता का, हे सगळं त्यात येतं. त्यातून एक आकडा निघत नाही. खालची कड आणि वरची कड निघते, आणि खरं उत्तर त्या दोहोंच्या मध्ये पडावं एवढीच आमची इच्छा असते. नेहमी पडतं असं नाही. पहिल्याच वर्षी मी जो चित्रपट बुडणार म्हणून मांडला होता, तो महिनोन्महिने थिएटरांतून हलला नाही. ऑफिसात अजूनही आभाळ भरून आलं की कुणीतरी म्हणतं, "याला विचारा, पडणार नाही म्हणाला तर छत्री घ्या."

मी चामराजपेटला एका मराठी घराच्या माडीवर भाड्यानं राहतो. हे कुटुंब तीन पिढ्या इथलंच. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मी जिना चढायला लागलो की त्या दारातूनच विचारतात, "ऊट झालं का रे?" जेवण झालंय म्हटलं तरी ताट येतंच. एकदा म्हणाल्या, "एवढं फिल्मचं भविष्य सांगतोस, आमच्या धाकट्याच्या लग्नाचंही स्वल्प बघ की."

"अक्का, त्याचा ट्रेलरच अजून आलेला नाही."

"सरी, सरी, बरं. आला की पहिलं तिकीट तुला."

त्या दिवाळीला एक फार मोठा चित्रपट येणार होता. बसच्या पाठीवर, रिक्षांच्या मागे, मेट्रोच्या खांबांवर, सगळीकडे त्याच नायकाचा चेहरा. त्याच्या वितरकांनी आमच्याकडून अंदाज मागवला होता आणि आकडा बाहेर फुटू नये म्हणून आम्हा प्रत्येकाची सही घेतली होती. आता तो चित्रपट येऊन गेला आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

आकडा पक्का करायच्या दिवशी आम्ही काचेच्या खोलीत बसतो. फोन टेबलावर पालथे असतात. त्या दिवशी माझा फोन एकदा थरथरला, थांबला आणि लगेच पुन्हा थरथरला. टॉकीजवाले काका. कामाच्या वेळी ते कधी दोनदा फोन करत नाहीत. मला वाटलं, घरी वडिलांना काही झालं असणार. मी कोपऱ्यात जाऊन फोन घेतला. पलीकडे जनरेटर धडधडत होता.

"बिझी हाईस व्हय? बरं... समोर माणूस बसलाय... पंधरा दिवस... करतो, चालेल?"

'नंतर फोन करतो, चालेल?' असं विचारतायत, असं मला वाटलं. आवाजावरून घरी सगळं ठीक होतं. आमची टीम लीड माझ्याकडे बघत होती. मी घाईघाईनं म्हणालो, "चालेल काका, चालेल!" आणि फोन ठेवला.

मग आम्ही आकडा पक्का केला. शुक्रवार मोठा, शनिवार-रविवार बरे. सोमवारी मात्र आलेख कड्यावरून खाली पडावा तसा पडत होता. दुसऱ्या आठवड्याच्या रकान्यात इतका किरकोळ आकडा होता की लीडनं विचारलं, "टाईप करताना एखादं शून्य राहिलं का रे?" राहिलं नव्हतं.

संध्याकाळी टॉकीजच्या डोअरकीपरनं मला एक फोटो पाठवला. दारावरच्या फलकावर त्या चित्रपटाचं नाव रंगवलं होतं आणि त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'आपल्या बेंगळूरच्या इंजिनियरचा शब्द. चालणारच!'

मी डोअरकीपरलाच विचारलं तेव्हा उलगडा झाला. सकाळी समोर बसलेला माणूस वितरकाचा होता. काका विचारत होते, दिवाळीला हा चित्रपट पंधरा दिवसांसाठी घेतो, चालेल? पंधरा दिवस सगळे खेळ त्याचेच, रक्कम ठरलेली आणि आगाऊ. मल्टिप्लेक्सवाले सोमवारी खेळ कमी करतात, दुसरा चित्रपट लावतात. काकांकडे एकच पडदा. शिवाय टॉकीजच्या जागेत वाटा असलेल्या त्यांच्या पुतण्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, या दिवाळीत टॉकीजनं स्वतःचा खर्च काढला नाही तर ती पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे. करारावर सही पुढच्या शनिवारी होती. तोवर माझा 'चालेल' मला परत घ्यायचा होता.

मी लगेच फोन लावला.

"काका, सकाळी मी चालेल म्हणालो ना, ते..."

"थांब, स्पीकरवर घेतो. हां, बोल. कॅन्टीनमध्ये सगळे ऐकायलेत."

"स्पीकर बंद करा की काका."

"का रे? चोरी हाय काय? बोल बिनधास्त."

"मला त्या चित्रपटाबद्दल काहीच बोलता येत नाही."

मग डोअरकीपर ओरडला, "बोलता येत नाही म्हणतोय! म्हणजे आत केवढा मोठा आकडा असंल!"

"तसं नाही हो..."

"तसं नाही कसं? वाईट असता तर पोरगं काकांना खड्ड्यात जाऊ देईल व्हय?"

"झालं की मग," काका हसत म्हणाले. "त्याला त्रास देऊ नका. समजलं मला. चहा सांग रे सगळ्यांना."

फोन बंद झाला. मी बोललो ते होकार ठरलं होतं, गप्प राहिलो असतो तर तेही होकारच ठरलं असतं. पुढचे दोन दिवस मी कुठे गेलो तरी तो नायक माझ्याकडे बघायचा. रिक्षात बसलो की समोरच्या रिक्षाच्या पाठीवर तोच. गावी जावं म्हटलं तर चित्रपट लागेपर्यंत आमच्या टीमला रजा नव्हती. आणि गेलो असतो तरी काय? काका माझा चेहरा वाचतात. तो दाखवणं म्हणजे आकडा दाखवण्यासारखंच होतं.

शेवटी मी लीडला सगळं सांगितलं. ती पुण्याची, माझ्यापेक्षा थोडीशीच मोठी, आणि मनानं चांगली आहे.

"अरे, किती गोड आहे हे. आणि किती भयंकर," ती म्हणाली. "पण तुला हिंटसुद्धा देता येणार नाही, कळतंय ना?"

"मी फक्त नाही म्हणालो तर?"

"'नाही' म्हणजेच तर आकडा. त्यांच्या गावातल्या दुसऱ्या कुणाला कळलं, वितरकाला कळलं, की संपलं."

"मी राजीनामा दिला तर?"

"तरी तोंड बंदच. ॲग्रीमेंट वाचलं नाहीस?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि समजा आपलाच अंदाज चुकला? तुझा इतिहास काही फार ग्रेट नाहीये."

ती चेष्टा करत होती, पण ते खरं होतं. मी काकांना थांबवलं आणि चित्रपट चालला, तर त्यांची दिवाळी माझ्यामुळे गेली असती. मला ठाऊक होता तो एक अंदाज. पण त्या अंदाजावर माझा विश्वास होता, आणि तो मनातून काढून टाकता येत नव्हता.

त्या रात्री पत्र लिहायचं ठरवलं. फोन सगळं कॅन्टीन ऐकतं, मेसेज डोअरकीपर वाचून दाखवतो. पत्र मात्र काका चष्मा लावून एकटे वाचतात. मी कॉलेजात असताना महिन्याला एक पत्र हवं एवढीच त्यांची अट होती. पत्र लिहून झालं आणि मी ते सकाळी लीडला वाचायला दिलं. न विचारता काही करायची मला सवयच नाही. तिनं सावकाश वाचलं आणि पेन्सिलीनं एका वाक्याखाली रेघ ओढली. वाक्य असं होतं: 'कुठलाही चित्रपट घेताना सोमवारचा विचार करा.'

"हे कुठल्याही चित्रपटाला लागू आहे," मी म्हणालो.

"हो, पण तू ते याच आठवड्यात लिहितोयस."

मी पत्र पुन्हा उतरवलं, ते वाक्य गाळून. तिनं पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "हं. आता चालेल." दुपारी मी पोस्टात जाऊन पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं.

उत्तर आलं नाही. फक्त शुक्रवारी एक फोटो आला. फलकावर चित्रपटाचं नाव तसंच होतं, पण खालच्या लाल ओळीवर चुन्याचा हात फिरवला होता. शनिवारी करार झाला का आणि झाला तर किती दिवसांचा, हे मी विचारलं नाही. तो प्रश्न विचारणं हीसुद्धा खूणच झाली असती.

चित्रपट लागल्यावर रजा मिळाली. मी गावी पोचलो तो सोमवार होता. चित्रपट लागला त्या शुक्रवारी हाउसफुल्लची पाटी लागली होती म्हणे. सोमवारी संध्याकाळी बाल्कनीत मी, काकू आणि एक झोपलेला गृहस्थ. करार पंधरा दिवसांचाच झाला होता. वितरकानं दुसरा पर्यायच दिला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात मी अजून गावातच होतो तेव्हा काकांचे पुतणे सायकल स्टँडवर टेप धरून मोजणी करत होते. ते माझ्याशी नीट बोलले. तेच जास्त लागलं.

कॅन्टीनमध्ये मात्र लोकांनी मला सोडलं नाही. एकानं विचारलं, "काय इंजिनियर, चालला की नाही तुमचा चित्रपट?" दुसरा म्हणाला, "ह्यांच्या कॉम्प्युटरला आमच्या गावची लाईट चालत नसंल."

मी तोंड उघडणार एवढ्यात काका गल्ल्यामागून म्हणाले, "त्याला काही बोलू नका. त्यानं मला आधीच लिहिलं होतं, घेऊ नका म्हणून. पत्र हाय माझ्याकडं. हौस माझीच होती." त्यांनी खिशावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

लोक आपापल्या चहाकडे वळले. मीही वळलो. ते खोटं आहे म्हणावं तर चारचौघांत काका खोटे पडणार होते. त्यांनी दुसऱ्यांदा माझ्यासाठी सही केली होती आणि मला ती परतही करता येत नव्हती.

'घेऊ नका' असं मी त्या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. पत्र असं होतं:

काका,

नमस्कार. फोनवरच बोललो असतो, पण तुमच्या फोनवर तुम्ही एकटे कधी नसता, म्हणून लिहितोय. हे पत्र कुणाला वाचून दाखवू नका.

तुम्ही फोन केलात तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो आणि जनरेटरमुळे मला अर्धंच ऐकू आलं. तुम्ही 'नंतर फोन करतो, चालेल?' असं विचारताय असं वाटून मी चालेल म्हणालो. काकू भात वाढताना 'अजून चालेल?' म्हणतात, तेव्हा मी म्हणतो तेच ते चालेल होतं. चित्रपटाबद्दलचं नव्हतं.

चित्रपटाबद्दल मला चांगलं-वाईट काहीच बोलता येत नाही. माझ्या गप्प बसण्यातून कृपा करून काही काढू नका. मी इथे एका कागदावर सही केली आहे म्हणून गप्प आहे, दुसरं कारण नाही. सही केली की ती पाळायची, हे मी तुमच्याकडे बघूनच शिकलो.

बँकेत तुम्ही म्हणाला होतात, खात्री नाही, ओळख आहे. मी दिवसभर आकड्यांत असतो, पण एकाही चित्रपटाची खात्री मला कुणाला देता येत नाही, आणि ओळख तर कुठल्याच चित्रपटाशी नाही. म्हणून मी या चित्रपटाला जामीन राहू शकत नाही. फलकावरून माझी ओळ काढून टाका. बाकी तुम्ही ठरवाल ते.

दिवाळीला येतोय. बाल्कनीचं एक तिकीट ठेवा. पैसे देऊन काढणार आहे, या वेळी तरी घ्या.

वडिलांना सांगा, मी वेळेवर जेवतो.

तुमचा,
सायकलवाल्याचा मुलगा