टाचणीने लावलेली चिठ्ठी

आमच्या पेठेतल्या लॅबोरेटरीत रक्त घेणारा तो माणूस मला कधीच आवडला नाही. सुई टोचण्याआधी तो पेशंटची तक्रार चिठ्ठीवर लिहायचा, सांगणाऱ्याच्याच शब्दांत, आणि खाली सांगणाऱ्याचं नातं. बायकोला घेऊन गेलो तेव्हा तिला बोलू न देता मीच म्हणालो, "आळस. दिवसभर लोळते." त्याने तेच लिहिलं. खाली लिहिलं, 'नवरा'.

मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. सोलापूरचा मे महिना, आणि तिच्या अंगावर चादर.

"थंडी वाजती का ओ, वहिनी?"

ती कशीबशी "हो" म्हणाली. मला ते सगळे नखरे वाटत होते.

डॉक्टरांना सांगून त्याने हार्मोनच्या तपासणीसाठी तिचं रक्त बर्फात घालून मुंबईला पाठवलं; तेव्हा ती तपासणी सोलापुरात होत नसे. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. मी हात पुढे केला, तर त्याने तो तिच्या हातात दिला.

"गळ्यातली थायरॉइड मंद चालती, वहिनी. आत्ता कुटं सुरुवात हाय, गोळीनं बरं वाटंल. तुमी आळशी न्हाय."

रिपोर्टला माझी चिठ्ठी टाचणीने लावलेली होती.

रस्त्यात भेटला की तो अजून वहिनींची चौकशी करतो. माझी नाही.

ती आता माझ्याआधी उठते. परवा गोळ्यांच्या डब्यातला तो रिपोर्ट दिसला. मी हळूच टाचणी काढायला लागलो.

"राहू द्या," ती मागून म्हणाली. "एक रिपोर्ट माझा आहे, एक तुमचा."