गाय वाड्यात राहते

आमच्या शाळेत मुलांची परीक्षा आता मी घेत नाही, फोन घेतो. मी फक्त फोन धरते. रत्नागिरीला झालेल्या प्रशिक्षणात आम्हांला बजावून सांगितलं होतं, की शिक्षकाने मध्ये बोलायचं नाही. आयुष्यभर बोलण्याचाच पगार घेतलेल्या बाईला हे जड जातं, पण जमवलं.

फोनमधली बाई प्रश्न विचारते, मूल उत्तर देतं, आणि ते ऐकून फोन हिरवा होतो किंवा लाल. वर्गात रेंज येत नाही, म्हणून आमचं मूल्यमापन शाळेमागच्या गडग्यावर चालतं. चिऱ्याच्या त्या बुटक्या भिंतीवर एकेक मूल बसतं आणि मी फोन धरून पुढ्यात उभी राहते. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटतं, बाई शिकवायचं सोडून पोरांचे फोटो काढते.

तिसरीतली एक मुलगी भारी बोलकी. हजेरी संपेपर्यंत तिच्या घरातली आदल्या दिवसाची भांडणं मला पाठ झालेली असायची. ती बोलायला लागली की बाकीची पोरं हातातलं टाकून ऐकायची. तिची पाळी आली तेव्हा फोनने विचारलं, "गाय कुठे राहते?"

इतका सोपा प्रश्न ऐकून तिला हसूच आलं. "वाड्यात ऱ्हाते," ती म्हणाली. फोन लाल झाला.

फोनला ऐकू आलं नसेल, असं तिला वाटलं. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा ती अशी ओरडली की रस्त्यावरून एक म्हातारी म्हणाली, "ऐकलं गो, वाड्यातच ऱ्हाते."

आमच्याकडे गोठ्याला वाडाच म्हणतात. फोनला ज्यांनी मराठी शिकवलं त्यांना हे कोणी सांगितलं नसावं. मी आमच्या मुख्याध्यापकांकडे गेले. ते कोल्हापूरकडचे, बदलीने आलेले. "वाड्यात व्हय?" ते म्हणाले. "आमच्याकडं वाड्यात माणसं राहतात बाई, आणि तीही तालेवार."

"मग इथल्या गाई सुखात आहेत असं वर कळवा," मी म्हटलं. त्यांनी कळवलं नाही. तसा रकानाच नव्हता.

मुलगी 'उपचारात्मक' गटात गेली. दुसऱ्या दिवशी तिची आई कामधाम टाकून धापा टाकत आली. "बाई, पोरीला झालंय काय? घरात तर बरी जेवते." उपचार आजाऱ्यावरच होतात, असा तिचा समज होता, आणि तो चुकीचा आहे हे मला पटवून देता येईना. मला खरंच संताप आला होता, पण तो कुणावर काढायचा? फोन तर माझ्याच पर्समध्ये होता.

उपचार सुरू झाले. वाडा नाही, गोठा. बाव नाही, विहीर. पोरगी हुशार, पटापट शिकली. पुढच्या फेरीत ती हिरवीगार झाली, आणि केंद्रप्रमुखांनी ग्रुपवर मला अंगठा आणि गुलाबाची फुलं पाठवली.

त्यानंतर तिने बोलणं सोडलं. विचारलं की एका शब्दात उत्तर, तेही माझ्या तोंडाकडे बघत, रंग बदलतोय का ते पाहिल्यासारखं. हजेरीच्या वेळी हाताची घडी घालून बसायची. केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा म्हणाले, "काय शिस्त आहे हो वर्गाला." मी आभार मानले, दुसरं काय करणार? घरी गेल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

एकदा ती उशिरा आली, केसांत गवताच्या काड्या. तिच्या शेजारणीने लगेच सांगून टाकलं, "बाई, हिची गाय व्याली." सगळा वर्ग तिच्याकडे वळला. मीही खडू ठेवला आणि म्हटलं, "सांग बघू, काय काय झालं."

ती उभी राहिली. नजर माझ्या टेबलावर.

"बाई," तिने हळूच विचारलं, "तो ऐकत नाय ना?"

नाही ऐकत, मी म्हटलं. तिला खरं वाटेना. मी तिच्यादेखत फोन बंद केला. मग ती स्वतः टेबलापाशी आली, फोन उचलून पालथा घातला, त्यावर हजेरीपट ठेवला, आणि तरीही आवाज खालीच ठेवून बोलायला लागली.