साहेबांची कवळी

माझ्या आत्याने आयुष्यभर लोकांचे दात केले. दातांच्या दवाखान्यामागे तिची दहा बाय आठची खोली. एक खिडकी, एक गुरगुरणारं घासयंत्र आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. पुढे डॉक्टर खुर्चीत माणसं बसवायचे, मागे आत्या मेण वितळवून कवळ्या घडवायची. तिला माणसं चेहऱ्याने आठवत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की म्हणायची, "जरा हसा बघू." समोरचा हसला की लगेच, "हां, पोस्टमास्तर! खालची अजून टोचते का?"

निवडणुकीला दोन महिने उरले असताना देशाच्या प्रमुखांचा सचिव या खोलीत आला. साहेबांचे पोस्टर तेव्हा भिंतीभिंतीवर होते. हात जोडलेले, ओठ फाकलेले आणि खाली ‘मी म्हणजे तुम्हीच’. आत्याचं त्यावर एकच मत होतं, "वरची कवळी दोन मिलिमीटर लांब झालीय. घोडा हसल्यासारखा दिसतो."

सचिव स्टुलावरचं प्लास्टर झटकून बसला. "बाई, साहेबांचे दात फार पांढरे दिसतात. लोक म्हणतात, हा माणूस आपल्यातला वाटत नाही. आम्हाला जनतेसारखे दात हवेत."

"कुठल्या जनतेसारखे?"

"म्हणजे... सर्वसाधारण."

आत्याने फळीकडे बोट केलं. "हा गवंडी, परांचीवरून पडला, पुढचे दोन गेले. या शाळेतल्या बाई, तीस वर्षं मुलांवर दातओठ खाऊन सगळे झिजवले. हा बसचा कंडक्टर, तंबाखू. यातला सर्वसाधारण कोणता ते सांगा, तसे करून देते."

"जरा स्वच्छ जनता नाही का?"

"असेल की. माझ्याकडे येत नाही."

शेवटी ठरलं ते असं: रंग किंचित पिवळसर, कडा थोड्या झिजलेल्या आणि पुढचा एक दात जरासा वाकडा. घरी हे ऐकून आत्याचे यजमान, आमचे काका, म्हणाले, "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे." आत्या म्हणाली, "हे या घरात दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं. दुसरं काही सुचत असेल तर बोला."

साहेब भर दुपारी मागच्या दाराने आले. डॉक्टरांना साहेबांच्या तोंडात हात घालायचा धीर होईना, म्हणून कवळी बसवून बघायला आत्यालाच बोलावलं. ती म्हणाली, "साहेब, जुनी काढा." साहेबांनी अंगरक्षकांकडे पाहिलं. त्यांना बाहेर घालवलं, सचिवालाही घालवलं आणि मग तोंडात बोटं घातली. गाल आत गेले, नाक हनुवटीला भेटायला निघालं. "अगं, माझे सासरेच समोर बसलेत असं वाटलं," आत्या आम्हाला सांगायची. "पाच मिनिटांपूर्वी देश चालवत होता, आता त्याला जीभ चालवता येईना."

"ताई," साहेब म्हणाले, "मला कणीफ खायचंय."

"काय?"

"कणीफ! भाजलेलं. फहा वर्षं झाली. मेजवानीत फगळे चावतात, मी फूप पितो."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला फांगणार? फगळे म्हणतात, फाहेब, छान दिफता."

त्या खुर्चीत बसणारा प्रत्येक म्हातारा आत्याला हेच सांगायचा. चावता येत नाही आणि घरात कुणी ऐकत नाही. तिला त्या माणसाची मनापासून कणव आली. नवी कवळी घालून, निळा कागद चावायला देऊन तिने तीनतीनदा ठसे घेतले, काढून जिथे टोचेल तिथे घासलं. काम चालू असताना तिनेही आपलं गाऱ्हाणं सांगून टाकलं, की आमच्या गल्लीत चार दिवसांनी एकदा पाणी येतं.

साहेबांचे डोळे मोठे झाले. "मग प्लाफ्टर कशात कालवता?"

"साठवलेल्या पाण्यात. त्यात अळ्या होतात."

"अरेरे," साहेब म्हणाले. "हे मला कुणी फांगितलंच नाही." आणि खरंच वाईट वाटल्यासारखे मान हलवत राहिले.

मग आत्याने नवी कवळी पुन्हा बसवली. साहेब ताठ झाले, आरशात वाकडा दात बघितला, घसा खाकरला आणि म्हणाले, "पाण्याच्या प्रश्नावर आमचं सरकार कटिबद्ध आहे."

आत्या म्हणाली, "साहेब, परत एकदा काढता का जरा?"

दाराआडून डॉक्टर तिला पुरे, पुरे अशा खुणा करू लागले. साहेब मात्र हसले. कवळी हलली नाही याचं आत्याला जास्त समाधान.

नवे पोस्टर लागले, वाकडा दात गावोगाव गाजला. गल्लीत महिनाभर रोज पाणी आलं, मतदानानंतर पुन्हा चार दिवसांवर गेलं. साहेब निवडून आले. तिसऱ्या आठवड्यात सचिव हजर. परदेशी पाहुणे येणार होते, पुन्हा पांढरे दात हवे होते. आत्याने ते मुकाट्याने करून दिले आणि वाकड्या दाताची कवळी परत मागितली, तर सचिव ओशाळून म्हणाला, "ती साहेब देत नाहीत. घरी तीच लावतात."

मी आत्याला विचारलं, "तू मत त्यांनाच दिलंस ना?"

"छे."

"का गं? चांगला वाटला म्हणालीस की."

आत्या मेणाच्या हिरडीत एकेक दात रोवत होती. मान वर न करता म्हणाली, "खुर्चीत बसला होता तो चांगला होता. त्याला दिलं असतं. पण निवडणुकीला तो उभाच नव्हता."