वयाच्या जागी वजन

ऑफिसात तिला सगळे ‘स्वल्पविरामताई’ म्हणत. दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये राहून गेलेला स्वल्पविराम तिच्या नजरेतून सुटत नसे. इस्पितळासाठी औषधाची मात्रा काढणारं नवं वेबपान तिनेच लिहिलं होतं. नर्सने रुग्णाचं वय आणि वजन भरायचं, पानातली जावास्क्रिप्ट ते दोन आकडे सर्व्हरवरच्या सेवेकडे पाठवणार, आणि तिकडून मात्रेचं उत्तर येणार. काम साधं, सरळ. ते नुकतंच वापरात आलं होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी दादाचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरली होती, मनगट मोडलं होतं.

“हाड बसवायला गुंगीचं औषध दिलं,” दादाचा आवाज कापत होता. “पण आई उठतच नाहीये गं!”

ती धावतपळत पोचली. इस्पितळ तेच, तिचं पान वापरणारं. आई पांढरीफटक पडली होती. नाकाला ऑक्सिजन लावलेला, श्वास अगदी सावकाश. डॉक्टर उशाशी उभे होते.

“मात्रा कशी काढलीत?” तिने नर्सला विचारलं.

“तुमच्याच पानावर, ताई. वय चौऱ्याऐंशी, वजन एकेचाळीस.”

“पुन्हा भरा बरं. माझ्यासमोर.”

नर्सने आकडे भरले, पडद्यावर उत्तर उमटलं, आणि ताईच्या पायांखालची जमीन सरकली. ती मात्रा चौऱ्याऐंशी किलोच्या माणसाची होती.

तिचं पान आधी वय पाठवत होतं, मग वजन. सर्व्हर मात्र पहिला आकडा वजन म्हणून घेत होता. दोन्ही नुसतेच आकडे. कोणता कशाचा, हे सोबत कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तपासणीसाठी तिने जो खोटा रुग्ण रचला होता, तो पन्नास वर्षांचा, पन्नास किलोचा! उलटं काय नि सुलटं काय, उत्तर तेच येणार.

“डॉक्टर, आईला दुप्पट औषध गेलंय,” ती कशीबशी म्हणाली. “चूक माझ्या पानाची आहे. ते कुणालाही वापरू देऊ नका.”

डॉक्टरांनी लगेच उताऱ्याचं इंजेक्शन मागवलं. तिने साहेबांना फोन लावला.

“सेवा बंद करा. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, आधी खात्री तर करून घे.”

“खात्री माझ्यासमोर पलंगावर पडलीय, साहेब!”

दादा तिच्याकडे बघतच राहिला. “हे तू लिहिलंस?”

“हो.”

त्याने तोंड फिरवलं आणि आईचा हात हातात घेतला. ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

इस्पितळाने आठवडाभरातले सगळे रुग्ण पुन्हा तपासले. एका धिप्पाड तरुणाला औषध कमी पडलं होतं, म्हणून त्याचा ताप हटत नव्हता. बाकीचे थोडक्यात वाचले होते. पुढे तिने प्रत्येक आकडा त्याच्या नावासकट पाठवायची सोय केली. नाव नसेल तर सर्व्हरने उत्तरच द्यायचं नाही. चौकशीतही तिने काही लपवलं नाही.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच तिच्या डोक्यात नव्हतं. आईने डोळे उघडले. ताईने तिथेच सगळं सांगून टाकलं. आईने शांतपणे ऐकलं.

“म्हणजे तुझ्या यंत्राने मला चौऱ्याऐंशी किलोची केली?” ती पुटपुटली. “आयुष्यभर कुणी मला जाडी म्हटलं नव्हतं गं.”

नर्स खुदकन हसली. दादाही हसला. ताईला मात्र हसू फुटेना. पलंगाची कड घट्ट धरून ती आईची छाती वरखाली होताना बघत राहिली.