अकरा हिवाळे आणि एक वळण

नेव्ह पास्कोने आयुष्यात एकच कलाकृती केली, आणि ती अकरा वेळा केली. लडलोच्या वळणाचा फोटो. दर जुलैत एक; इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. त्यात माणूस नाही, मेंढी नाही, धुकंसुद्धा नाही. खडीचा रस्ता डावीकडे वळतो आणि एका फाटकापाशी दुधाच्या जुन्या कॅनची टपालपेटी उभी असते. टालंगा गावात ज्यांनी हे फोटो पाहिले ते म्हणत, छान आहे, आणि मग विचारत, पण हे काय आहे?

नेव्ह नगर परिषदेचा ग्रेडर चालवायचा. पोटाखाली रुंद पातं असलेलं ते पिवळं यंत्र घेऊन तालुक्यातले सगळे खडीचे रस्ते तो खरवडून सपाट करी. पाऊस पडला की ते पुन्हा खड्ड्यात जात. अशी तेहेतीस वर्षं. या नोकरीत माणूस एकतर तत्त्वज्ञ होतो किंवा त्याची पाठ जाते. नेव्हची पाठ गेली.

फोटोग्राफीशी त्याचा संबंध खडीमुळेच आला. गावातली लोण्याची फॅक्टरी बंद पडली तेव्हा तिथली शीतखोली रिकामी झाली. तिला खिडकी नाही, भिंती हातभर जाड, दार बंद केलं की आपलाच हात दिसत नाही. लोण्यासाठी बांधलेली ही खोली डार्करूम म्हणूनच जन्माला आली असावी, हे पहिल्यांदा ओळखलं वेल्टा ओझोल्सबाईंनी. त्यांचे आईवडील लाटव्हियातून आलेले. बाईंनी स्वतः मेलबर्नच्या एका वर्तमानपत्रात पंचवीस वर्षं फोटो काढले आणि मग इथे येऊन दर जुलैत नऊ दिवसांची कार्यशाळा सुरू केली. फोटो, डार्करूम, पुढे पुढे आवाजाचं ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओसुद्धा. मेलबर्नहून पाचसहा खरेखुरे कलावंत यायचे, बाकीचे आम्ही गावातले. खरे कलावंत ओळखायची खूण म्हणजे त्यांना थंडी वाजायची.

अकरा हिवाळ्यांपूर्वी नेव्ह फॅक्टरीच्या आवारात खडी टाकायला आला होता. मेलबर्नची एक बाई उजेड परतवायचा चंदेरी पडदा धरायला कुणी मिळतंय का ते बघत होती. तिने तो नेव्हच्या हातात दिला. दोन तास तो धरून उभा राहिला, कारण खाली ठेव असं कुणी म्हटलं नाही. शेवटी वेल्टाबाईंचं लक्ष गेलं.

"तू कोण?"

"खडीवाला."

"हात हलत नाही तुझा. उद्या नऊला ये."

असा तो आला, आणि मग येतच राहिला. सुट्टी अशी त्याने तेवढीच घेतली. बायको कोरल सुरुवातीला खूश होती, नवरा घरातून नऊ दिवस बाहेर. मग परिणाम दिसायला लागले. रविवारी बहिणीकडे निघावं तर हा वाटेत गाडी थांबवून कुंपणाच्या सावल्या बघत बसे. एका कलावंताने केसाळ माइक लावून ग्रेडरच्या पात्याचा आवाज टिपला, तेव्हापासून नेव्ह इंजिन बंद करून खडी ऐकू लागला. एकदा कोरल ओट्यापाशी भोपळा सोलत होती, तर हा दारात उभा.

"काय बघतोयस?"

"उजेड फार सुंदर पडलाय."

"माझ्यावर?"

"भोपळ्यावर."

ते दोघं अजून एकत्र राहतात.

त्या कार्यशाळेत वेल्टाबाईंचा एकच नियम होता, आणि तो त्यांनी कुणासाठीही मोडला नाही. संध्याकाळी प्रिंट भिंतीवर लावायची. ज्याची प्रिंट, त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी काय दिसतं ते सांगायचं; आवडलं की नाही ते नव्हे, काय दिसतं ते. सगळं बोलून संपलं की बाई म्हणणार, "आता बोल," आणि मगच तोंड उघडायचं. तोवर बहुतेकांच्या लक्षात आलेलं असे की आपण जे सांगणार होतो ते फोटोत नाही. काही कलावंत या नियमाने रडले. एकाने मोठ्या गॅलरीत तीन प्रदर्शनं भरवली होती. पहिल्याच संध्याकाळी त्याला ऐकावं लागलं की त्याच्या 'एकाकीपणा' या फोटोत मुख्यतः एक नळ दिसतो. तो पुढच्या वर्षी परत आला, आणि नळांचेच फोटो घेऊन आला. ते उत्तम होते.

नेव्हला हा नियम फार मानवला. मुळात त्याला सांगायचं काहीच नसे.

मग गेल्या वर्षी परिषदेने एक सल्लागार नेमला. त्याचे बूट पिवळे होते आणि त्याच्या अहवालात आलेख होते. एकोणीस वर्षांत कार्यशाळेतून किती व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाले? तीन. त्यातला एक औषधाच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढतो, एक शाळांचे वार्षिक फोटो काढतो आणि तिसरी घरं विकते. निष्कर्ष असा की कार्यशाळेचं टिकाऊ मूल्य सिद्ध होत नाही. शीतखोलीत चीज चाखण्याचं दालन काढावं. प्रवासी येतील, चाखतील, घेतील. गावात चीज कोण करणार, हा प्रश्न अहवालाच्या कक्षेबाहेर होता.

मंगळवारी दुपारी चार वाजता मतदान. वेल्टाबाईंनी सांगून टाकलं की खोली गेली तर त्या होबार्टला लेकीकडे कायमच्या जातील. परिषदा कशा असतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून सोमवारीच त्यांनी ट्रे, बाटल्या आणि निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचे दोन एन्लार्जर आपल्या व्हॅनमध्ये भरून टाकले. नेव्हने ती व्हॅन बघितली. घरी जाऊन कोरलला म्हणाला, "मी बोलणार आहे."

"परिषदेपुढे? तू त्यांचा नोकर आहेस."

"तीन मिनिटं देतात प्रत्येकाला."

"तू तीन मिनिटं कधी बोललायस? लग्नात 'हो' म्हणायला तुला कोपराने ढोसावं लागलं."

पण त्याने भाषण लिहिलं. कोरलने घड्याळ लावून ते दोनदा कापलं. सोबत फोटो न्यायचा ठरला, तोही पहिल्या हिवाळ्यातला. त्याची नवी प्रिंट त्याने बाईंनी सामान भरायच्या आधीच मुद्दाम काढून ठेवली होती. त्या खोलीत पुन्हा प्रिंट काढायला मिळेल की नाही कोण जाणे, असं तो म्हणाला, आणि लगेच खोकला काढून वेळ मारून नेली.

मंगळवारी सभागृहात आम्ही वीसेक जण होतो. हीटर एकच, तो नगरसेवकांकडे तोंड करून. सात नगरसेवक, मध्ये नगराध्यक्ष ब्रॉन्विन टेट, बाजूला रस्ते विभागाचा प्रमुख, म्हणजे नेव्हचा साहेब. पिवळे बूटही होते. वेल्टाबाई सगळ्यात मागे, कोट न काढता, निघायच्या तयारीत.

नाव पुकारल्यावर नेव्ह पुढे गेला. खिशातून चार टाचण्या काढल्या, सूचनाफलकावर मोठी प्रिंट नीट लावली, बाजूला सरकला. आणि गप्प उभा राहिला.

"नेव्ह, तुझी वेळ सुरू झालीय," ब्रॉन्विन म्हणाली.

नेव्ह गप्प. भाषणाचा कागद छातीच्या खिशातून दिसत होता. कोरल माझ्या शेजारी दात आवळून पुटपुटली, "अरे बोल की, मेल्या!" पण मला तोवर कळलं होतं, आणि आम्हा कार्यशाळेवाल्या सगळ्यांनाच. त्याने प्रिंट भिंतीवर लावली होती. अकरा वर्षांची सवय. त्याची जीभ आता त्याची नव्हती.

शांतता वाढत गेली. राजकारणी माणसाला शांतता सोसत नाही. पहिला फुटला कीथ लडलो. गुरांच्या खरेदीविक्रीचा दलाल, चीजच्या बाजूचा.

"हे तर आमचं वळण! ते कॅन माझ्या आजोबांचं."

"सूर्यास्त मस्त आलाय," दुसरा कुणी म्हणाला.

"सूर्यास्त कसला? सकाळ आहे ती," जून हार्टिगन म्हणाली. ती नगरसेवक असून शाळेची बसही चालवते. "रोज सव्वाआठला मी तिथून जाते. सूर्य बरोबर डोळ्यांत येतो."

"जून, मी त्या फाटकात जन्मलोय."

"जन्मलास, बघितलं नाहीस."

तीन मिनिटांची घंटा वाजली. कुणी ऐकली नाही, कारण ब्रॉन्विन चष्मा कपाळावर चढवून फलकापाशी गेली होती. तिच्यामागून कीथ. मग उरलेले. सात नगरसेवक एका फोटोपुढे उभे राहून एकमेकांना खांद्याने ढकलत होते. पिवळे बूट म्हणाले, "मूल्यमापनाच्या दृष्टीने यातून नेमका काय निष्कर्ष..."

"जरा थांबा हो," ब्रॉन्विन म्हणाली. "कीथ, ही चकाकी कसली? रस्त्यावरून तुझ्या फाटकाकडे जातेय ती."

कीथने नाक फोटोला लावलं. "पाणी आहे."

"पाणी तिकडे का जातंय?"

"कारण रस्ता तिकडे कललाय," जून म्हणाली. "बघ ना, उतार सरळ तुझ्या अंगणात."

कीथ हळूहळू लाल झाला. त्याच्या अंगणात पूर्वी वर्षानुवर्षं पाणी शिरत असे आणि त्यापायी तो शेजाऱ्याशी अजून बोलत नव्हता. "हा रस्ता खरवडतो कोण?" तो ओरडला.

सगळ्यांनी नेव्हकडे पाहिलं. साहेबानेही पाहिलं, आणि मग तो छताकडे बघू लागला. नेव्हच्या कपाळावर घाम आला होता, पण तो गप्पच. आपल्याच चुकीचा भलामोठा फोटो मालकाच्या फलकावर स्वतःच्या हाताने टाचणारा दुसरा सरकारी नोकर माझ्या तरी पाहण्यात नाही.

"नेव्ह, तुला हे ठाऊक होतं?" ब्रॉन्विनने विचारलं.

मागून वेल्टाबाईंचा आवाज आला. "आता बोल."

नेव्हने श्वास सोडला. "पाचव्या हिवाळ्यात कळलं. हा फोटो पहिल्या वर्षीचा. मी दरवर्षी तेच वळण काढायचो, कारण तिथे काहीतरी खटकायचं आणि काय ते कळायचं नाही. पाचव्या वर्षी चार प्रिंट शेजारी शेजारी लावल्या. मग दिसलं. बावीस वर्षं... नाही, सत्तावीस वर्षं मी तो चुकीचा खरवडत होतो. वरून बसून दिसत नाही ते. मग दुरुस्त केला."

"दुरुस्त केला? कधी?" कीथ म्हणाला.

"सहा वर्षं झाली. तेव्हापासून तुझ्याकडे पाणी आलंय?"

"नाही आलं, कारण मी नवं गटार खणलं!"

"कीथ, तुझं गटार उलट्या उताराचं आहे."

सभागृह हसलं. साहेबही हसला, आणि आपण हसतोय हे लक्षात येऊन खोकला. कीथ खाली बसला आणि पुटपुटला, "बाकीच्या प्रिंट कुठे आहेत?"

मतदान झालं. चार विरुद्ध तीन, खोली कार्यशाळेकडे, दोन वर्षांसाठी. चौथं मत कीथचं. ठरावात कारण नोंदवलं गेलं: रस्त्यांच्या देखभालीस उपयुक्त.

बाहेर आम्ही सगळे नेव्हच्या पाठीवर थापा मारत होतो, त्याच्या दुखऱ्या बाजूला. वेल्टाबाई व्हॅनला टेकून उभ्या होत्या आणि संतापलेल्या होत्या.

"देखभाल!" त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं मी माणसांना बघायला शिकवलं, आणि कला वाचली ती गटारापायी."

"वाचली ना पण," नेव्ह म्हणाला.

"दोन वर्षं! मी शहात्तरची होईन तेव्हा. लेकीने खोलीला रंग दिलाय माझ्यासाठी. निळा."

नेव्हचा चेहरा उतरला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "मग... तुम्ही जाणार?"

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. जसं त्या ओल्या प्रिंटकडे पाहत, घाई न करता.

"डावीकडचा खालचा कोपरा काळा पडलाय तुझ्या प्रिंटचा. अकरा वर्षं सांगतेय."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर करत का नाहीस?" त्यांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं. आत ट्रे, बाटल्या, चादरीत गुंडाळलेले दोन एन्लार्जर. "आधी मोठा काढ. गुडघ्यात वाक, पाठीत नको. आणि माझ्या लेकीला फोन तू करायचास."

कोरलने बाटल्यांचं खोकं उचललं. मी ट्रे घेतले. नेव्ह एन्लार्जर पोटाशी धरून शीतखोलीच्या दाराकडे निघाला आणि पाच पावलांनंतर विचारू लागला की फोनवर नेमकं काय सांगायचं.