कापूरहोळला अडलेला गिअर

कापूरहोळच्या गॅरेजात गिअर ऑइलचा वास आला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतली इथलीच ती दुपार आठवली. माझ्या जुन्या लॉरीत बायको बाळंतकळा सोसत होती, भोरचा दवाखाना लांब, आणि गिअर नुसता करकरत होता, पडत नव्हता.

"गिअरची पेटी गेली. चार दिस लागतील," मिस्त्री म्हणाला.

"मला चार दिस न्हाईत वो!" बायको ओरडली.

मी इंजिन बंद करून गिअर टाकला. अलगद पडला! म्हणजे पेटी धड होती, पेडल दाबूनही क्लचच इंजिनपासून पुरता सुटत नव्हता. लॉरीखाली शिरून क्लचच्या दांड्याचा ढिला नट आवळला. इंजिन चालू केलं, गिअर मुकाट पडला. तेव्हा मला ती माझीच हुशारी वाटली. आज वाटतं, तिच्या ओरडण्यानंच डोकं चाललं.

दिवेलागणीला मुलगी झाली. मी दवाखान्याच्या दारातच लॉरीचा भोंगा वाजवत सुटलो.