मिरोफोरामावशीचं झाड

आमच्या सायप्रसच्या खेड्यांत जमीन एकाची आणि तिच्यातलं झाड दुसऱ्याचं, यात कुणाला नवल वाटत नाही. संग्रहालयाच्या बागेतलं ते मोठं ऑलिव्हचं झाड माझ्या मिरोफोरामावशीचं. तिच्या आईनं तिला लग्नात आंदण दिलेलं. शेजाऱ्यानं संग्रहालयाला जमीन विकली. जमीन विकली हो, झाड नाही! मावशी दर ऑक्टोबरात काठी घेऊन जायची, झाड झोडपायची, घाण्यावरून तेल काढून आणायची. खायला तिला कुठलंही तेल चालायचं. पण नवऱ्याच्या थडग्यावरचा दिवा मात्र ह्याच झाडाच्या तेलावर जळायचा.

यंदा झाडाखाली अंथरायच्या चादरी घेऊन मीही गेले. संगमरवरी देवदेवता मागे टाकत झाडाखाली पोचलो, तर झाडावर एक फळ नाही! मावशी फांद्या ओढून ओढून बघत राहिली.

"रोग पडला का गं?" तिनं मला विचारलं.

पहारेकरी यांगोस आमच्याच गल्लीतला. तो खाली मान घालून म्हणाला, "रोग नाही मावशी. संचालकसाहेबांनी फुलोऱ्यातच औषध मारायला लावलं, फळ धरूच नये म्हणून. फळं पडतात, फरशीला डाग लागतात, पाहुण्यांचे बूट खराब होतात म्हणे."

"मग तेव्हा तुझी वाचा बसली होती का रे मेल्या?" मावशी कडाडली.

माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. आत काचेमागे दोन हजार वर्षांपूर्वीचे तेलाचे रांजण मांडलेत, रिकामे. लोक माना वाकड्या करकरून बघतात. आणि बाहेरचं जितंजागतं झाड ह्यांनी वांझ करून ठेवलं. शहाणे कुठले!

आरडाओरडा ऐकून संचालक हसतहसत बाहेर आले. "अहो बाई, झाड आम्ही किती जपतो! आमच्या पुस्तिकेत पहिला फोटो त्याचाच आहे."

"फोटो पिळून तेल निघतं का?" मावशीनं विचारलं.

साहेबांनी आतल्या दुकानातून एक बाटली मागवली. वर कुठल्याशा देवीचं चित्र, मानेला रेशमी फीत. "हे घ्या. आमच्याकडून भेट. तेलच हवंय ना तुम्हाला?"

मावशीनं बूच काढून वास घेतला. मला वाटलं, घेतेय की काय! तिनं बाटली सरळ उपडी केली, पांढऱ्याशुभ्र फरशीवर, साहेबांच्या बुटांसकट.

"अहो, हे काय करताय!"

"पुसत बसा," मावशी म्हणाली आणि चालू लागली.

शनिवारी संध्याकाळी दफनभूमीत सगळ्यांचे दिवे लागले. तिच्या नवऱ्याचा तेवढा विझलेला, गेल्या वर्षीचं तेल संपलेलं. बायका आपापली तेलं घेऊन पुढे आल्या, तिनं एकीचंही घेतलं नाही. शेवटी पाद्रीबाबा समजवायला आले. "मिरोफोरा, अगं तेल ते तेल. एवढा हट्ट कशाला?"

मावशी थडग्यावरून उठलीसुद्धा नाही. "बाबा, उद्या चर्चमध्ये सगळ्यांपुढे सांगा, माझ्या माणसाला अंधारात कुणी ठेवलं ते. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."